किडनी सोडून दुसरं वाक्य

बाईंना आयुष्यात सगळ्यात जास्त चीड कशाची असेल, तर पाठ केलेल्या वाक्याची. आणि नशीब बघा, नोकरी लागली ती नेमकी तीच वाक्यं ऐकायची.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या कोठीला लागून त्यांची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि पंखा असा की त्याचा वारा कमी आणि आवाज जास्त. दार कायम लावलेलं, कारण आत बोललेलं बाहेर जाता कामा नये. जिवंत माणूस आपल्या नातेवाइकाला किडनी देणार असेल, तर ऑपरेशनच्या आधी त्याला एकट्याला या खोलीत बसावं लागे. तो मनापासून देतोय, की घरच्यांनी त्याच्या मानेवर सुरी ठेवलीय, एवढंच बाईंनी बघायचं आणि फाइलवर शेरा द्यायचा. बाईंचा शेरा नाही, तर ऑपरेशन नाही.

येणारा प्रत्येक जण खुर्चीत टेकायच्या आत सुरू व्हायचा. "मी माझ्या स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाखाली न येता, माझी एक किडनी दान करत आहे." सगळं एका दमात, नजर पंख्याकडे. म्हाताऱ्या आया, तरणे भाऊ, नवरे, बायका, सगळ्यांचं तेच. कोणी "दबावाखाली"वर अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. सुरुवातीची काही वर्षं बाईंनी हे ऐकून घेतलं आणि ठरलेला शेरा लिहिला. मग एक दिवस त्यांचं डोकं दुखत होतं आणि समोर एक आडदांड गृहस्थ सासऱ्यांना किडनी द्यायला येऊन बसले होते. त्यांनी वाक्य म्हटलं. खणखणीत म्हटलं.

"झालं?" बाई करवादल्या. "आता किडनी सोडून दुसरं वाक्य सांगा. स्वेच्छेने हा शब्द घालून."

त्या गृहस्थांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि मग ते एवढे मोठे, हातांत तोंड लपवून रडायला लागले. दुकान सासऱ्यांचं, घर सासऱ्यांचं, आणि घरात बायको रोज जेवणाच्या ताटावर एकच विषय काढणारी. स्वेच्छेने त्यांनी काय केलं होतं, हे त्यांना स्वतःलाच आठवेना.

त्या दिवसापासून बाईंची ती पद्धतच पडली. तरुण डॉक्टर हसायचे, "मराठीचा पेपर" म्हणायचे. मागून त्यांचं नाव वाक्यबाई पडलं होतं, आणि ते बाईंना चांगलं माहीत होतं. पण उपाय लागू पडत होता. मनापासून देणारा माणूस क्षणभर गोंधळायचा, मग हसून काहीतरी साधंच बोलायचा. "स्वेच्छेने तर मी फक्त झोपतो हो," असं एक रिक्षावाला म्हणाला होता, आणि त्याला बाईंनी तिथल्या तिथे पास केलं.

पण चांगली गोष्ट जास्त दिवस टिकू द्यायची नाही, असं लोकांनी ठरवलेलंच असतं. लिफ्टमनला या पेपराची कुणकुण लागली आणि त्याने लिफ्टमध्ये शिकवणी सुरू केली. फुकट, निव्वळ परोपकार म्हणून. मग काही महिने जो येईल तो "मी स्वेच्छेने झाडांना पाणी घालतो" म्हणायला लागला. ज्यांच्या घरात तुळशीची एक कुंडीही नाही, तेसुद्धा! बाई तावातावाने लिफ्टपाशी गेल्या.

"अहो काका, लोकांना कशाला शिकवता? पोपट करून पाठवता माझ्याकडे."

"मॅडम, बिचारे घाबरलेले असतात. कोणी आपलं माणूस वाचवायला आलेलं असतं, आणि तुम्ही व्याकरण विचारता."

"मी व्याकरण विचारत नाही. निदान वाक्य तरी बदलत जा!"

लिफ्टमनने ते मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यापासून सगळे पक्ष्यांना दाणे घालायला लागले. बाईंनी कपाळाला हात लावला.

घरी गेलं तरी या शब्दातून सुटका नव्हती. त्यांचा नवरा, देवमाणूस, पण कशालाही "तुझी मर्जी" म्हणायचा. पडदे निळे घेऊ का? तुझी मर्जी. बहिणीकडे दोन दिवस जाऊ का? तुझी मर्जी. आणि बाईंनी खरंच मर्जीप्रमाणे केलं, की दोन दिवस घरात तोंड फुगवून बसायचा. बाईंच्या लग्नाच्या वेळी वडिलांनीही विचारलं होतं, "तुझ्या मनाविरुद्ध नाही ना गं काही?" तेव्हा पत्रिका छापून, वाटून झाल्या होत्या. बाई "नाही" म्हणाल्या होत्या. ते खरं होतं की खोटं, हे त्यांना अजूनही नक्की सांगता आलं नसतं. कदाचित म्हणूनच दुसऱ्यांचं "हो" त्या इतकं ठोकून ठोकून बघायच्या.

तर अशा बाईंकडे एक दिवस ते कुटुंब आलं. आई, मामा, वहिनी, आजारी भाऊ आणि किडनी देणारी त्याची थोरली बहीण. घरातले सगळे तिला ताई म्हणायचे, आईसुद्धा. भावाचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता बंदच असायचं. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि बाकीचे दिवस त्याचा शीण काढायचा, एवढंच त्याचं उरलं होतं. तोंडाला मास्क लावून तो बाकाच्या टोकाला बसला होता आणि जमिनीकडे बघत होता. बोलण्याचं काम मामांकडे होतं.

"आमच्या ताईचा स्वभावच देण्याचा," मामा बाईंना म्हणाले. "तिला विचारायचीसुद्धा गरज नाही बघा."

"तेवढ्याचाच मला पगार मिळतो," बाई म्हणाल्या आणि ताईला आत घेऊन दार लावलं.

ताई खुर्चीच्या कडेवर बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तिने वाक्य म्हटलं. कुठेही न अडखळता.

"छान. आता किडनी सोडून दुसरं वाक्य."

ताईने चटकन मान हलवली. तिची तयारी दिसत होती. "मी स्वेच्छेने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली."

बाईंना जरा बरं वाटलं. पक्षी नव्हते, हेच खूप. "का सोडलीत?"

"भावाला मुलं झाली ना. आई म्हणाली, घरात कोणीतरी हवं."

"म्हणजे आईंनी सांगितलं म्हणून सोडली."

"हो. पण स्वेच्छेने सोडली. रडले नाही मी."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणखी एक सांगा."

"मी स्वेच्छेने माझी खोली मुलांना अभ्यासाला दिली."

"कोणी मागितली होती?"

"वहिनीने. सामान हलवूनच ठेवलं होतं तिने. पण मी कुरकुर केली नाही. स्वेच्छेनेच दिली."

"ताई, स्वेच्छेने म्हणजे काय, असं वाटतं तुम्हाला?"

ताईने बाईंकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई, हिला इतकं साधं कसं कळत नाही! "म्हणजे तोंड वाकडं न करता," ती म्हणाली.

बाईंनी हात टेकले. खोटं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण ही खोटं बोलत नव्हती. घराने तिला त्या शब्दाचा जो अर्थ शिकवला, तोच ती इमानेइतबारे वापरत होती. त्या अर्थाने तिने किडनीच काय, काळीजही काढून दिलं असतं, आणि वर पाणी प्यायलाही थांबली नसती. बाईंना संताप आला, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळेना, म्हणून आणखी आला.

शेरा न देता त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितलं. बाहेर मामांनी आकाशपाताळ एक केलं. "पोरगा मरणाच्या दारात आणि इथे निबंध लिहून घेतात!" त्यांचा आवाज चादरींच्या कोठीतल्या माणसांनाही ऐकू गेला. थोड्या वेळाने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं बोलावणं आलं.

"कुठे घोडं अडलंय?" डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. "रक्तगट जुळतो, सगळं जुळतं. बहीण हो म्हणतेय."

"ती सगळ्यालाच हो म्हणते. तिला नाही म्हणता येतं की नाही, ते बघायचंय मला."

"आणि तेवढ्यात माझा पेशंट गेला तर? तुमच्या पेपरात बहीण नापास झाली म्हणून?"

इकडे आड, तिकडे विहीर. बाकावरचा तो सुजलेल्या पायांचा भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पण ताईही हलत नव्हती.

पुढच्या आठवड्यात ताई आली, बसली आणि म्हणाली, "मी स्वेच्छेने पक्ष्यांना दाणे घालते."

"तुमच्याकडे पक्षी येतात?" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"नाही," ताई घाबरून म्हणाली. "ते लिफ्टवाले काका म्हणाले..."

"काकांना राहू द्या. मामांनाही राहू द्या. शब्दही राहू द्या तो. मला एवढंच सांगा, तुमच्या आयुष्यात अशी एखादी गोष्ट आहे का, जी कोणी सांगितली नाही, कोणाला हवी नव्हती, कोणाच्या उपयोगाची नव्हती, आणि तुम्ही केली? लहानातली लहान चालेल."

ताई विचारात पडली. पंखा खडखडत राहिला. बाईंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, मग स्वतःवरच चिडून नजर वळवली. बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, "एकदा बसमधून एक थांबा आधी उतरले होते."

"का?"

"असंच. चालावंसं वाटलं." ती जराशी ओशाळली. "घरी काय सांगितलं, माहितीये? बस बंद पडली म्हणून."

"मग म्हणा बघू तसं."

"काय?"

"तेच. स्वेच्छेने घालून."

"मी स्वेच्छेने एक थांबा आधी उतरले," ताई म्हणाली. मग थांबून, अगदी हळू, पुन्हा एकदा म्हणाली. या वेळी ती पंख्याकडे बघत नव्हती. एखादा जिन्नस आपलाच आहे की नाही, हे उलटसुलट करून बघावं तसं तिने ते वाक्य म्हटलं.

"आता किडनीचं म्हणा," बाई म्हणाल्या. "पण या अर्थाने. तोंड वाकडं न करण्याच्या नाही."

"मी माझ्या स्वे..." ताई थांबली. पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "नाही येत," ती म्हणाली. "मला फार भीती वाटते हो. आणि मला कोणी विचारलंच नाही. चहा पिता पिता मामा म्हणाले, शोधायला कशाला जायचं, आपली ताई आहेच की. झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कप विसळायला उठले आणि परत आले, तोवर तारखेचं बोलणं चाललं होतं."

बोलताना ती रडत होती, आणि रडल्याबद्दल मधूनमधून माफी मागत होती. बाईंनी तिला पाणी दिलं.

अशा वेळी काय करायचं, याची त्या हॉस्पिटलमध्ये एक ठरलेली रीत होती. ज्याला द्यायचं नाही, त्याने घरच्यांसमोर तसं बोलायची गरज नसायची. डॉक्टर बाहेर येऊन एवढंच सांगायचे, की तपासणीत काही निघालंय, यांची किडनी चालणार नाही. काय निघालंय हे कोणाला सांगायचं नाही. बाई, डॉक्टर आणि नाकारणारा माणूस, तिघांची अळीमिळी गुपचिळी. नाहीतर त्या माणसाला उरलेलं आयुष्य त्याच घरात, त्याच माणसांच्या पंगतीत काढायचं असतं.

डॉक्टरांनी तसंच सांगितलं. बाई दाराच्या फटीतून बघत होत्या. आई मटकन खाली बसली. वहिनीने तोंड फिरवलं. मामा "असं कसं, असं कसं" म्हणत डॉक्टरांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. ताई मान खाली घालून उभी होती. फक्त भाऊ उठला, तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातली जड पिशवी स्वतःकडे घेऊ लागला. तिने ती दिली नाही.

बाईंना समाधान वाटायला हवं होतं. कसलं समाधान! एकीला सोडवलं तर दुसरा मशीनला बांधलेला राहिला. त्या रागारागाने घरी गेल्या. नवऱ्याने विचारलं, चहा करू का, तर म्हणाल्या, "तुमची मर्जी." तो बिचारा चमच्यासकट उभाच राहिला.

काही आठवडे गेले. एक दिवस दुपारी बाई डबा उघडून बसल्या होत्या, तेवढ्यात दार वाजलं आणि ताई आत आली. एकटीच. मागे मामा नाहीत, कोणी नाही. या वेळी ती खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"मला किडनी द्यायचीय," ती म्हणाली.

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. मग त्यांचा पारा चढला. "कोण म्हणालं? परत मामांनी गाठलं ना तुम्हाला? एवढं जिवावर उदार होऊन आम्ही खोटं बोललो, डॉक्टर बोलले..."

"मामा येतच नाहीत आता. त्यांना वाटतं माझी चालणारच नाही. सगळ्यांनाच वाटतं." ताई शांतपणे म्हणाली. "मॅडम, आधी घरात सगळे माझ्याकडे बघायचे. मला दूध, मला फळं, ताई बस, ताई उठू नकोस. मला नुसती त्यांची तोंडं दिसायची. आता कोणी बघत नाही. मी परत पहिल्यासारखी कप विसळते. आणि आता मला तो दिसतो. सकाळी चप्पल घालायला बसतो, तर पाय आत जात नाहीत. मग गंमत म्हणून माझी चप्पल घालून बघतो आणि हसतो. आधी मला तो दिसतच नव्हता."

बाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"त्या दिवशी इथून गेल्यावर तो मला म्हणाला, बरं झालं. म्हणाला, तुझी घेऊन मला झोप आली नसती. घरात एवढी माणसं, पण बरं झालं म्हणणारा तो एकटाच."

"भीती गेली?"

"नाही. आहे तेवढीच आहे."

"उद्या वाटलं नको, तर?"

"तर उद्या येऊन सांगेन. रस्ता माहीत झालाय."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. इतक्या वर्षांची सवय, ती अशी कशी जाईल? त्या पुढे वाकल्या. "बरं. मग किडनी सोडून एक वाक्य सांगा. स्वेच्छेने..."

"नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे? येत नाही?"

"येतं. पण सांगणार नाही." ताईने पर्स मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. "दुसऱ्यांनी दिलेली वाक्यं आयुष्यभर म्हटली मॅडम. मामांचं म्हटलं, लिफ्टवाल्या काकांचं म्हटलं, तुमचंही म्हटलं. आज माझ्या मनात नाही."

क्षणभर बाईंना खरोखर राग आला. या खोलीत त्यांचा पेपर आजवर कोणी असा परत केला नव्हता! उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं. समोरची बाई, जिला कुरकुर म्हणजे पाप वाटायचं, ती चक्क त्यांच्याकडे तोंड वाकडं करून बघत होती. बाईंचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही.

"आणि भावाला मी सांगणार," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी नाही, मामांनी तर नाहीच. बाकीच्यांना त्यानंतर."

"तो नको म्हणाला तर?"

ताईने यावरही विचार करून ठेवला होता. "तर त्याची इच्छा," ती म्हणाली आणि उठली.

डॉक्टरांनी डोकं धरलं. "अहो, चालत नाही म्हणून सांगितलंय मी! आता कुठल्या तोंडाने सांगू, की चालते?"

"पुन्हा तपासलं म्हणून सांगा," बाई म्हणाल्या. "कुठल्याही तोंडाने सांगा. फक्त वाकडं करू नका." डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही, आणि बाईंनी कळू दिलं नाही. भावाने तिला चार दिवस "नको" म्हटलं, पाचव्या दिवशी तिचा हात धरून तोच इथवर घेऊन आला, तेही मामांना न सांगता. पण ते सगळं नंतर घडलं.

त्या दुपारी ताई गेल्यावर बाईंनी तिची फाइल पुढे ओढली. शेरा ठरलेलाच होता, डोळे मिटून लिहिता आला असता. 'दाता स्वेच्छेने व कोणत्याही दबावाविना दान करत असल्याची खात्री करण्यात आली आहे.' इतकी वर्षं, प्रत्येक फाइलवर, शब्दही न बदलता. त्यांनी पहिले दोन शब्द लिहिले आणि पेन थांबलं. लोकांना पोपट म्हणत आलो आपण, आणि हे काय वेगळं होतं?

त्यांनी ते दोन शब्द खोडले. खाली, स्वच्छ अक्षरात, लिहिलं, 'वाक्य सांगायला सांगितलं. दात्याने नकार दिला. माझी खात्री झाली.'

मग सही केली आणि उरलेला डबा खायला घेतला.